रुमानियाच्या मुलांनी जगाला काय शिकवलं?

"लहान आहे, विसरून जाईल," असं आपण किती सहज म्हणतो. लहानपणी मार, शिव्या, हेळसांड सोसलेलं लेकरू खरंच विसरतं का? आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत.

युरोपात रुमानिया हा देश आहे. तिथे चाउशेस्कू या हुकूमशहाला लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ साली त्याने गर्भपातावर बंदी आणली. गर्भनिरोधक साधनंही मिळेनाशी झाली. बाईला मूल हवं की नको, हे सरकार ठरवू लागलं. ज्यांना पोसणं जमेना, त्यांची मुलं सरकारी अनाथालयांत गेली. त्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते! डिसेंबर १९८९ मध्ये ती सत्ता कोसळली, तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून जास्त मुलं होती.

एकेका बाईवर डझनभर मुलांचा भार. रडलं तरी उचलायला कुणी नाही. कितीतरी मुलं मग रडायचीच थांबली आणि एकटीच डुलत बसू लागली.

२००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बुखारेस्ट शहरात १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. मुलं ६ ते ३१ महिन्यांची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. बाकीची संस्थेतच राहिली. पुढे त्यांतल्याही अनेकांना घर मिळालं.

संस्थेतल्या मुलांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी मंद आढळल्या. बुद्धी, बोलणं, माणसांवरचा जीव, सगळंच मागे पडलं होतं. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांच्या मेंदूच्या लहरी आठव्या वर्षी इतर मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांचं नुकसान तितकं भरून निघालं नाही.

असं का होतं? बाळ हुंकार देतं, आपण "काय गं बाय?" म्हणतो, त्यातून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. उत्तरच मिळालं नाही तर त्या कच्च्या राहतात. आणि रोजचा मार, रोजची धास्ती असेल तर मेंदू कायम धोक्याच्या पहाऱ्यावर राहतो. मग अभ्यासात लक्ष कुठून लागणार? अशा पोराला आपण 'मठ्ठ' नाहीतर 'द्वाड' म्हणून मोकळे होतो.

रुमानियाने २००४ साली कायदा केला: गंभीर अपंगत्व सोडलं, तर दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायचं नाही.

मैत्रिणींनो, यात दोषी मूल नव्हतं, आणि सक्तीने आई झालेली बाईही नव्हती. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्या वाडीत एखादं पोर गप्प-गप्प असेल, दचकत असेल, तर त्याला रोज हाक मारणारं एक तरी मायेचं माणूस आपण होऊ. मारहाण किंवा अत्याचाराचा संशय आला तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावू. फोनला पैसे पडत नाहीत. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबासोबत हाही विषय घेऊ या.