पत्ते पिसणारा हात

सभापर्वातील द्यूतप्रसंग वर्गात शिकवताना चर्चा शकुनीच्या फाशांपाशी येऊन थांबते, हा आमचा जुना अनुभव. युधिष्ठिराची एक हरकत मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. पण लावणार दुर्योधन आणि खेळणार शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे त्याला विषम वाटले होते. संगणकावरील पोकरचा इतिहास चाळताना आम्हांस ही हरकत वारंवार आठवली.

या इतिहासाचा आरंभ जुगाराच्या अड्ड्यावर झालेला नाही. १९७९ साली शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन यांनी ‘मेंटल पोकर’ नावाचा छोटा निबंध लिहिला. मूळ प्रश्न रॉबर्ट फ्लॉइड यांचा: परस्परांवर विश्वास नसलेल्या दोघांना पत्त्यांवाचून, दूर बसून, प्रामाणिक डाव खेळता येईल काय? उत्तर असे की, पहिल्याने बावन्न पाने बावन्न पेट्यांत घालून प्रत्येकीस आपले कुलूप लावावे आणि क्रम मोडून त्या धाडाव्यात. दुसऱ्याने पाच पेट्या तशाच परत कराव्यात. ती पहिल्याची पाने. आणखी पाचांवर स्वतःचेही कुलूप चढवून त्या पाठवाव्यात. पहिल्याने आपले कुलूप काढून त्या परत कराव्यात. कुलपे कोणत्याही क्रमाने निघावीत, एवढीच अट. गंमत म्हणजे निबंधात आधी हे अशक्य असल्याची सिद्धता येते आणि मग ते करण्याची रीत! (अशक्य ते अमर्याद गणनशक्ती असणाऱ्यांपुढे, तुम्हांआम्हांसारख्या मर्त्यांपुढे रीत चालते.)

बाजाराने ही रीत घेतली नाही. १९९८ साली प्लॅनेट पोकरवर खऱ्या पैशांचे डाव सुरू झाले तेव्हा पाने पिसत होता कंपनीचा सर्व्हर. त्या संकेतस्थळाला प्रणाली पुरवणाऱ्या एएसएफ या कंपनीने लोकांचा विश्वास बसावा म्हणून पिसण्याची पद्धतच जाहीर केली. १९९९ साली काही संगणकतज्ज्ञांनी ती वाचली. बावन्न पानांचे क्रम आठावर सदुसष्ट शून्ये इतके होतात; इथे मात्र क्रम ठरत होता मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांवरून, म्हणजे फार तर ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले की उरत सुमारे दोन लाख. पाच पाने दिसताच उरलेला सारा कॅट उघडा! प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी उघडलेल्या दारातूनच दोष सापडला, आणि दार उघडले नसते तर तो किती काळ दडून राहिला असता, कोण जाणे.

२००७ साली ॲब्सोल्यूट पोकरवर पिसण्यात दोष नव्हता. कंपनीच्या आतून कोणाला तरी सर्वांची झाकलेली पाने दिसत होती. हे उघडकीस आणले खेळाडूंनीच. हरलेल्या एकाने डावाची नोंद मागितली आणि कंपनीने त्याला चुकून सगळ्यांच्या पानांसह ती धाडली. पुढे २०११ मध्ये फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे आणि बँकेत अवघे ६ कोटी, असा हिशोब अमेरिकी सरकारने मांडला.

ब्लॉकचेनकडे लोक वळले ते या जखमा घेऊन. जुन्या कुलपांच्या रीतीत एक अडचण होती: हरू लागलेला खेळाडू किल्ली घेऊन उठून गेला की कॅट कायमचा बंद. २०१५ साली कुमारेसन, मोरान आणि बेंटोव्ह यांनी बिटकॉइनच्या आधारे तोड मांडली. प्रत्येकाने आधी अनामत ठेवावी. जो मध्येच उठेल त्याची अनामत इतरांस आपोआप मिळावी. पैसे कोणा मालकाच्या पेटीत नाहीत, पिसणाराही कोणी एक नाही. आम्हांस हे काम खरोखर मोठे वाटते. (भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तेव्हा आमचे कुतूहल निव्वळ वाचकाचे, हे सांगितलेले बरे.)

परंतु एका टेबलावरील चौघांपैकी तिघे फोनवर परस्परांना पाने सांगत असतील, किंवा एकाच्या नावाने यंत्र खेळत असेल, तर त्या साखळीला यातले काही दिसत नाही. तिच्यावर प्रत्येक चाल चोख नोंदली जाते. जुन्या संकेतस्थळांवर निदान पगारी माणसे संशयास्पद डाव तपासत बसत. मालकच नको म्हटल्यावर हे काम कोणी करायचे? शकुनीचे फासे आता गणिताने तपासता येतात. युधिष्ठिराच्या प्रश्नाला मात्र त्या सभेत दुर्योधनाने दिलेल्या उत्तरापलीकडे आपण गेलेलो नाही: रत्ने मी देईन, खेळेल मामा.