किंमत-पारदर्शकता, ऑनलाइन किरकोळ विक्रीतील (भारत)

वस्तूची छापील कमाल किंमत, प्रत्यक्ष विक्रीची किंमत, कर, पोहोच शुल्क आणि इतर आकार हे सर्व ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट दिसावेत, यासाठी ऑनलाइन विक्रेत्यांवर घातलेली कायदेशीर बंधने व त्यांचे पालन. ही बंधने एकाच कायद्यात सापडत नाहीत. वैध मापन शास्त्र अधिनियम 2009, त्याखालील आवेष्टित वस्तू नियम 2011, ग्राहक संरक्षण अधिनियम 2019, त्याखालील ई-कॉमर्स नियम 2020 आणि 2022 व 2023 सालची दोन मार्गदर्शक तत्त्वे यांत ती विखुरलेली आहेत. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वकील असतात. घरून मसाले, पापड किंवा साड्या विकणाऱ्याला मात्र हे सगळे स्वतःच जुळवावे लागते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे कमाल किरकोळ किंमत, बोलीभाषेत एमआरपी किंवा छापील किंमत. 1977 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाला किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापता येत असे आणि त्या आडून दुकानदार करापोटी मनाला येईल ती रक्कम वसूल करी. 1990 साली ही पळवाट बंद झाली आणि ‘सर्व करांसहित’ एकच किंमत छापणे सक्तीचे झाले. दुकानात ग्राहक डबा हातात घेऊन ती वाचू शकतो. पडद्यावर ती सोय नाही. म्हणून 2011 च्या नियमांत 2017 साली झालेल्या दुरुस्तीने, 1 जानेवारी 2018 पासून, वेष्टनावरची माहिती संकेतस्थळावर वा अ‍ॅपवरही देणे बंधनकारक ठरले: उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा नग, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क आणि आयात माल असल्यास मूळ देश. उत्पादनाचा वा पॅकिंगचा महिना-वर्ष तेवढे यातून वगळले आहे. मंच केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देत असेल, तर माहितीच्या खरेपणाची जबाबदारी मुख्यतः उत्पादक व विक्रेत्याकडे जाते. लेबलचा पुसट फोटो टाकला म्हणजे काम झाले असे अनेक छोटे विक्रेते धरून चालतात. ते धोक्याचे आहे. माहिती वाचता येईल अशा अक्षरांत पानावर लिहिलेलीच हवी.

2021 च्या दुरुस्तीने काही ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच पॅक करण्याची सक्ती उठवली. त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन कमी करणे सोपे झाले. त्यावरचा उतारा त्याच दुरुस्तीत आहे: एकक विक्री किंमत. एक किलोपेक्षा कमी मालावर प्रतिग्रॅम, जास्त असल्यास प्रतिकिलो दर छापायचा, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. 400 ग्रॅम गोडा मसाल्याची एमआरपी 260 रुपये असेल, तर दर 0.65 रुपये प्रतिग्रॅम. उद्या तेच पाकीट 350 ग्रॅमचे झाले आणि किंमत तशीच राहिली, तर दर 0.74 दिसेल. किमतीच्या आकड्यात लपलेली वाढ इथे उघडी पडते. विक्रेत्याने हा दर आपल्या पानावरही ठळक द्यावा. ग्राहकाला तुलना करायला इतका उपयोगी आकडा दुसरा नाही.

जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची आणि तिची फोड द्यायची. सक्तीचे आकार कोणते, ऐच्छिक कोणते, कर किती, हे त्या फोडीत दिसले पाहिजे. वरचा मसाला 230 रुपयांना विकायचा असेल, तर ‘एकूण 295 रुपये: वस्तू 230 (करांसहित), पोहोच 50, हाताळणी 15, भेट-वेष्टन हवे असल्यास आणखी 20’ अशी मांडणी योग्य. पानावर फक्त 230 दाखवून उरलेले 65 रुपये पत्ता, फोन नंबर भरून झाल्यावर पुढे आणणे योग्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील 13 प्रकारांत हा प्रकार ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून येतो. कार्टमध्ये विमा किंवा देणगी न विचारता घालणे हा ‘बास्केट स्नीकिंग’. आधीच खूण केलेले चौकोन तर 2020 च्या नियमांनीच नाकारले आहेत. संमती ग्राहकाने स्वतः द्यायची असते. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याचा सल्ला दिला.

सवलतीची बाब अधिक नाजूक आहे. एमआरपी ही वरची मर्यादा असते, बाजारभाव नव्हे. अनुसूचित औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किती असावी हे सरकार ठरवत नाही. त्यामुळे 2,000 रुपये छापून 600 ला विकणे आणि ‘70 टक्के सूट’ म्हणणे आकडेमोडीत बरोबर ठरते. पण ती वस्तू 2,000 ला कधीच विकली गेली नसेल, तर ही सूट ग्राहकाची फसवणूकच आहे आणि कायद्याची ही बाजू अजून लंगडी आहे. जून 2022 ची जाहिरातविषयक तत्त्वे काही अंशी मदतीला येतात: जाहीर केलेल्या किमतीला पुरेसा माल नसताना ग्राहकाला ओढणे ती रोखतात. ‘मोफत’ म्हटलेल्या वस्तूसाठी पोहोच शुल्कासारख्या अटळ खर्चापलीकडे काही आकारणेही त्यांना मान्य नाही. सवलतीच्या किमतीवर वरून कर लावणे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 साली अनुचित प्रथा ठरवले, कारण एमआरपीत कर आधीच धरलेला असतो.

कर बदलला की पानावरचे आकडेही बदलावे लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू, टूथपेस्ट अशा वस्तूंवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आणि पडून असलेल्या मालावर सुधारित किंमत चिकटवण्याची मुभा मिळाली. ज्यांची किंमत-यादी हाताने भरलेली असते त्यांची अशा वेळी तारांबळ उडते. पण जुन्या आकड्याचा भुर्दंड ग्राहकाने सोसावा, याला काही आधार नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. महाराष्ट्रात छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी, अपुरे लेबल अशा तक्रारी राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे जातात; इतर तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहकाने वस्तूच्या पानाचा आणि अंतिम बिलाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, कारण पानावरची किंमत नंतर बदलता येते.