गळा कुणाचा?

गाणे कानी पडले की ‘कुणी गायिले?’ असे विचारल्यावाचून आपणा रसिकांस चैन पडत नाही. एके काळी मात्र या प्रश्नाला जागाच नव्हती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि मग आपला कारखाना नाशकास हलविला. त्यांचा हरिश्चंद्र मुका होता. मुक्याचा गळा कोण ओळखणार?

हाच राजा १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त बोलू लागला, गाऊही लागला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे आणि हरिश्चंद्रही तेच! ज्याचे मुख त्याचाच गळा. तेव्हाही विचारायचे काही उरले नाही.

पुढे पार्श्वगायन आले आणि मुख व गळा यांची फारकत झाली. मोबदला गळ्याला मिळे, पण नाव बहुधा मुखाचेच होई. १९४९ साली ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांनी स्वर दिलेले ‘आयेगा आनेवाला’ घरोघरी पोचले. पण तबकडीवर गायिकेच्या जागी छापले होते ‘कामिनी’! हे तर मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे नाव. श्रोते गप्प बसले नाहीत. रेडिओकडे पत्रांचा पाऊस पडला, कंपनीकडे विचारणा झाली आणि खरे नाव जाहीर झाले: लता मंगेशकर. एका कलावतीचे नाव तिला मिळवून दिले, ते साध्या श्रोत्यांच्या चौकसपणाने.

पुढे याच लताबाईंनी आपण होऊन नाव झाकले, ही मोठी मौज! भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. पण स्वतः पांघरलेला पडदा वेगळा आणि दुसऱ्याने घातलेला वेगळा.

आज खिशातला फोन काही क्षणांत गाणे ओळखून दाखवितो. परंतु यंत्र सांगते ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेले. कागदोपत्री ‘कामिनी’च राहिली असती, तर यंत्रानेही बिनदिक्कत ‘कामिनी’च सांगितले असते! तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, जुन्या तबकड्या पारखाव्या, समजलेले नाव वहीत टिपून ठेवावे.

१९८९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लताबाईंना मिळाला. मूकपटाच्या जनकाचे नाव अशा रीतीने त्या गळ्याच्या नावाशेजारी लिहिले गेले, ज्या गळ्याला एकदा नावच नव्हते.