ताणा, बाणा आणि ब्राउझर

कॉम्प्युटरचा इतिहास सांगणारं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एक माग भेटतोच. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जकार्डचा माग, साल १८०४. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकापुढे एक ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. कार्डात भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मधून धोटा जातो आणि आडव्या धाग्याची एक फेरी पूर्ण होते. मग पुढचं कार्ड, पुढची फेरी. १८३९ साली खुद्द जकार्डचं रेशमी चित्र असं विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती. चार्ल्स बॅबेजकडे त्या चित्राची एक प्रत होती. त्याने आपल्या नियोजित गणनयंत्राला कार्डांनीच सूचना द्यायचं ठरवलं होतं. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. तिथून गोष्ट थेट कॉम्प्युटरपर्यंत येते.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना जरा गंमत वाटते. आमच्याकडे माग म्हणजे खिडकीतून दिवसरात्र येणारा खडखडाट. भिवंडीत बहुतेक साधं ग्रे कापड निघतं, नक्षीचे माग त्या मानाने थोडे. तरी ज्याने कारखाना आतून पाहिलाय, त्याला या गोष्टीत एक माणूस गायब दिसतो. कार्डाला भोकं कोण पाडायचं?

मागावरचा कामगार नाही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढली जायची. एक उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा, एक आडवी रेघ म्हणजे बाण्याची फेरी. त्या कागदावरून चौकट-चौकट वाचत कार्डं पाडली जायची आणि तयार माळ मागावर यायची. म्हणजे एकाच यंत्राशी दोन वेगळी माणसं जोडलेली होती. एकाला नक्षी बदलता येत होती, दुसऱ्याला माळ चढवता येत होती. मागचं सगळं कौशल्य दुसऱ्याकडे असूनही कापडावर काय उमटणार हे पहिलाच ठरवायचा.

फ्रंट-एंड, म्हणजे वेबसाइटची वापरणाऱ्याला दिसणारी बाजू, घरबसल्या ऑनलाइन शिकणारे हजारो जण आज नेमके या दोन माणसांच्या मधोमध उभे आहेत.

मधला टप्पा

सुरुवात सोपी असते. एचटीएमएलचे टॅग दोन आठवड्यांत येतात. सीएसएसने रंग बदलतो, बटण गोल होतं. व्हिडिओ लावून एखाद्या प्रसिद्ध साइटच्या पहिल्या पानाची हुबेहूब नक्कल होते. मग व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडावी, तर हात चालत नाही. किंवा नक्कल लॅपटॉपवर झकास दिसते आणि मित्राच्या फोनवर उघडली की मेनू स्क्रीनबाहेर गेलेला असतो. इथे बहुतेकांना वाटतं की आपल्याला डिझाइनचं अंग नाही.

तसं नसतं. वेब स्वतः या टप्प्यावर वीसेक वर्षं अडकलेलं होतं. त्याचा इतिहास माहीत असला, की आपण कुठे अडकलोय ते कळतं.

टिम बर्नर्स-लीने सर्न या संशोधन संस्थेत मार्च १९८९ मध्ये पहिला प्रस्ताव मांडला. त्याने निवडलेला ‘वेब’ हा इंग्रजी शब्द विणण्यातूनच आलेला, मुळात त्याचा अर्थ विणलेलं कापड. त्या वेबवर मजकूर होता, दुवे होते, पण पान दिसावं कसं हे सांगायची सोय जवळपास नव्हती. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या अभियंत्याने सीएसएसचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

त्या नावातला पहिला ‘सी’ म्हणजे कॅस्केडिंग, ओघळत येणारं. पान कसं दिसावं याबद्दल पान लिहिणाऱ्याचं म्हणणं असतं, वाचणाऱ्याचं असतं, ब्राउझरचंही असतं. ही सगळी म्हणणी एकावर एक ओघळत येतात आणि कुठलं चालणार हे ठरलेल्या क्रमाने सुटतं. जकार्डच्या कार्डात अशा वाटाघाटीला जागाच नाही. भोक आहे किंवा नाही.

पण नव्वदीच्या दशकातल्या डिझायनरांना वाटाघाट नको होती. ते छापील जाहिराती आणि मासिकांतून आलेले होते, त्यांना कागदासारखं पान हवं होतं. मग त्यांनी जुगाड शोधला. आकडेवारी दाखवण्यासाठी असलेला टेबलचा टॅग घ्यायचा, त्याचे अदृश्य रकाने करायचे आणि प्रत्येक रकान्यात चित्राचे तुकडे बसवायचे. अंतर हवं तिथे एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून घालायचं. पानाखाली सूचना लिहायची की हे पान ८०० बाय ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसतं. ही होती वेबची पंच-कार्डं. प्रत्येक चौकट आधीच ठरलेली, मापाबाहेरचा पडदा आला की कापड फाटलं.

वेफ्ट नावाचं अवजार

मराठीच्या बाबतीत तर अक्षरंही अशीच खिळलेली होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं. देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, युनिकोडमध्ये होती. पण घरोघरच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला पुढची कितीतरी वर्षं गेली. तोवर ज्याचा-त्याचा फाँट आणि ज्याची-त्याची अक्षरांची जुळणी. वाचकाकडे तोच फाँट नसेल तर ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा.

यावर मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या सुमारास एक अवजार दिलं. पानासोबत फाँटही वाचकाकडे पाठवायचा. त्याच्या लांब नावाचं लघुरूप होतं ‘वेफ्ट’. इंग्रजीत वेफ्ट म्हणजे बाणा, मागावरचा आडवा धागा. भारतीय भाषांतल्या अनेक साइटनी ही पद्धत उचलली. अडचण अशी की ती मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमध्ये चालायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पुन्हा तोच चिवडा. आणि तो मजकूर अक्षर म्हणून साठवलेलाच नसल्यामुळे शोधायला गेलं तर सापडायचा नाही. दिसायला मराठी, आतून निव्वळ आकार.

इथे मूळ दुखणं उघडं पडतं. दिसणं आणि असणं यांची गाठ मारून ठेवली, की दिसणं बदलताना असणंही मोडतं. युनिकोडने ही गाठ सोडवली. ‘क’ हा आधी ‘क’ असतो, मग कुठल्याही फाँटमध्ये दिसतो. सीएसएस पानाच्या बाबतीत हेच करू पाहत होतं.

नियमाकडे

एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉपने एक लेख लिहिला. मुद्दा असा की कागदासारखा ताबा वेबवर मिळणार नाही, आणि ही वेबची उणीव नसून तिचा स्वभाव आहे. मे २००३ मध्ये डेव्ह शेने ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. एचटीएमएल तेच, त्यातलं एक अक्षरही बदलायचं नाही, फक्त सीएसएस बदलायचं. जगभरच्या लोकांनी त्या एकाच मजकुराची ओळखू न येणारी पानं करून पाठवली. २००७ मध्ये आयफोन आला आणि ८०० बाय ६०० चा करार संपला. २५ मे २०१० रोजी ईथन मारकॉटने ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव रूढ करणारा लेख लिहिला. मापं टक्क्यांत द्या, चित्रं लवचीक ठेवा आणि मीडिया क्वेरीने पडद्याला त्याची रुंदी विचारा. शेवटी मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत थोड्याच दिवसांच्या अंतराने सीएसएस ग्रिड आलं. उभ्या-आडव्या रेघांची खरीखुरी मांडणी वेबला पहिल्या प्रस्तावानंतर २८ वर्षांनी मिळाली.

ग्रिड दिसायला त्या चौकटीच्या कागदासारखंच. पण त्यात लिहायचं असतं ते वेगळं. समजा कापडाच्या नमुन्यांचं एक पान आहे. ग्रिडला सांगायचं: प्रत्येक रकाना निदान १५० पिक्सेल असू दे, मध्ये १६ ची फट ठेव, मावतील तितके रकाने कर, उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाट. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्ही कडांना १६ सोडले की ३२८ उरतात. दोन रकाने आणि एक फट मिळून ३१६, म्हणजे दोन मावतात. ७६८ च्या टॅबलेटवर ७३६ उरतात, तिथे चार मावतात. कोणी ‘दोन’ लिहिलेलं नाही, ‘चार’ही नाही. उद्या अजून कुठल्या विचित्र मापाचा फोन आला तरी पान स्वतःच हिशोब करेल.

मधला टप्पा ओलांडणं म्हणजे हे. ‘इथे दोन रकाने’ असं सांगण्याकडून ‘रकाने कसे ठरावेत’ हे सांगण्याकडे जाणं. वेबला यासाठी १९९६ ते २०१७ लागले. शिकणाऱ्याला काही महिने लागत असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भिवंडीची परीक्षा

नियम खरा आहे की वेषांतर केलेलं कार्डच आहे, हे तपासायला भिवंडीसारखं गाव नाही. इथे एका रस्त्यावर मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू चारही ऐकू येतात. समजा एका दवाखान्याचं पान मराठीत आणि उर्दूत करायचंय. ‘चित्राच्या डावीकडे १६ पिक्सेल’ असं लिहिलं असेल तर उर्दूत सगळं उलटं पडेल, कारण उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते. आजच्या सीएसएसमध्ये डावं-उजवं सोडून ‘ओळीची सुरुवात’ आणि ‘ओळीचा शेवट’ असं लिहिता येतं. एकदा तसं लिहिलं की पानाची दिशा बदलताच अंतरही जागा बदलतं.

मराठीचेही हट्ट आहेत. इंग्रजी शिकवण्यांत मथळ्याच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवायची फॅशन असते. तेच देवनागरीला लावलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द विसविशीत होतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं एचटीएमएलला नक्की सांगावं. काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, ती या सूचनेनंतरच दिसतात. पडद्यावरून मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते यावरूनच कळतं. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या समूहांमुळे मुक्तासारखे चांगले देवनागरी फाँट आज फुकट मिळतात. वेफ्टच्या दिवसांत हे स्वप्न होतं.

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये यातलं बहुतेक काही भेटत नाही. ते आपल्याच मजकुरावर करून बघावं लागतं.

कोणाची नक्षी

शिकायची साधनं आता कमी नाहीत. नव्वदीत लोक दुसऱ्याच्या पानाचा सोर्स उघडून शिकायचे. डब्ल्यूथ्रीस्कूल्स १९९८ पासून आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे कितीतरी धडे मराठीतही ऐकता येतात. फ्रीकोडकॅम्प २०१४ मध्ये सुरू झालं, सगळं फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचं ओझंही हलकं झालं.

तरी व्हिडिओचा एक गुण लक्षात ठेवावा. तो कार्डांच्या माळेसारखा असतो, क्रम ठरलेला, शेवट ठरलेला. सुरुवातीला तो हवाच, माळ चढवता आल्याशिवाय माग कळत नाही. पण व्हिडिओ संपला की त्याच पानाशी थोडी खोडी काढावी. खिडकी ओढून २८० पिक्सेल करावी. ‘होम’च्या जागी ‘आमच्याविषयी थोडक्यात माहिती’ लिहावं. फोनमधली अक्षरं मोठी करून बघावं. पान कुठे मोडतं आणि तिथे कुठला आकडा ठोकून बसवलाय ते शोधावं. मग तो आकडा काढून त्याच्या जागी नियम लिहावा. मी ज्यांना ज्यांना मधला टप्पा ओलांडताना पाहिलं, ते सगळे मोडलेली पानं दुरुस्त करतच पुढे गेले.

भिवंडीला हे का लागू व्हावं, त्याला कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या सावरल्या नाहीत आणि पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळलं. गाव वाढलं. पण इथलं बरंच काम मजुरीचं राहिलं. सूत व्यापाऱ्याचं, कापडाची जात त्याने ठरवलेली, विणून झालं की ग्रे कापड त्याचं. कारखानदाराला मीटरमागे मजुरी आणि कामगाराला त्यातला वाटा. भाव पडला की सगळ्यात आधी झळ मागावरच्या माणसाला.

तयार टेम्प्लेटमध्ये दुकानाचं नाव आणि फोटो बदलून देणं हीही मजुरीच आहे. तिचा भाव आधीच पडलाय, आणि आता तसं पान सांगितल्याबरोबर एआय करून देतं. ते पान मराठी-उर्दूत, छोट्या फोनवर, मोठ्या अक्षरांत का मोडतंय हे सांगणारा माणूस मात्र लागतोच. कपिल पाटलांच्या नव्हे, कुठल्याही पुढाऱ्याच्या नव्हे, शेजारच्या दवाखान्याच्या, सायझिंगच्या, शाळेच्या पानासाठी लागतो. चौकटीचा कागद आता फुकट आहे आणि तो खिशातल्या फोनवरही उघडतो.