बदललेली फळी

परवा रविवारी नेदरलँड्सहून भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तर म्हणाला, "मावशी, शर्यतीत शेवटचा आलो. पंधरा वर्षांची पोरं पुढे निघून गेली. मी सगळं विसरलो की काय?"

नातेवाईकांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. हा भाचा नव्वदच्या दशकात नोकरीसाठी तिकडे गेला आणि विंडसर्फिंगच्या नादी लागला. विंडसर्फिंग म्हणजे एक लांबट फळी, तिच्यावर उभं केलेलं शीड आणि ते हातांनी पेलत वाऱ्यावर जाणारा माणूस. यातल्या स्लॅलम नावाच्या शर्यतींत तो क्लबात बऱ्यापैकी नाव कमावून होता. १९९८ साली मुलगी झाली आणि फळी माळ्यावर गेली. यंदा, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने ती पुन्हा खाली काढली.

मी त्याला म्हटलं, "अरे, हात तेच आहेत ना? सराव कर, सगळं परत येईल." फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागली. मास्तरकीच्या सवयीने ठरलेलं उत्तर देऊन मोकळी झाले होते मी. प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. मग पंधरा दिवस या फळीचा इतिहास वाचत बसले, आणि माझं उत्तर चुकलं होतं हे हळूहळू लक्षात आलं.

फळीचा जन्म कुठे झाला यावरच भांडणं आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बीने १९६४ साली शिडाची फळी केली आणि १९६५ साली 'पॉप्युलर सायन्स' मासिकात तिची माहिती छापली, पण पेटंट काही घेतलं नाही. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हा विमानांचा अभियंता आणि त्याचा मित्र हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या फळीत डोलकाठी एका चहूकडे वळणाऱ्या सांध्यावर बसवली होती. सुकाणू नाहीच. शीड मागे कलवलं की फळी वाऱ्याच्या दिशेला तोंड करते, पुढे कलवलं की वाऱ्यापासून दूर वळते. पुढे इंग्लंडात खटला झाला, तेव्हा पीटर चिल्व्हर्सचं नाव आलं. त्याने म्हणे १९५८ साली, बाराव्या वर्षी, हेलिंग बेटावर अशीच फळी चालवली होती. १९८५ साली तिथल्या कोर्टाने ते पेटंट रद्द ठरवलं.

ती पहिली 'विंडसर्फर' फळी सुमारे ३.६५ मीटर लांब होती. भाच्याच्या देशाशी तिचं नातं जुनं आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या टेन काटे कंपनीने परवाना घेऊन या फळ्या केल्या आणि युरोपभर त्यांचं पेव फुटलं. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा पहिलं सुवर्णपदकही स्टेफान व्हान डेन बर्ग या डच माणसालाच मिळालं.

आता फळी एवढी लांब का होती? वारा मंद असताना फळी पाणी कापत जाते, होडीसारखी. अशा वेळी लांबीचा फायदा होतो. पण वारा वाढला की ती पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागते. तळ्यात चपटा दगड तिरका फेकला की टप्पे घेत जातो ना, तसं. याला प्लेनिंग म्हणतात. एकदा घसरायला लागली की पुढचा अर्धा भाग पाण्याला टेकतही नाही, मग तो नुसताच भार. १९७७ च्या सुमारास हवाईतल्या मंडळींनी फळीवर पाय अडकवायला पट्टे बसवले, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात आणि लाटांतही माणूस फळीवर टिकू लागला. फळ्या आखूड होत गेल्या. पण रुंदी फारशी वाढली नाही. भाच्याची फळी त्याच काळातली. २ मीटर ८० लांब आणि जेमतेम ५७ सेंटिमीटर रुंद.

आणि गंमत (की दैव म्हणावं?) अशी, की त्याने फळी माळ्यावर टाकली नेमकी त्याच वर्षांत सगळं उलटंपालटं झालं. स्वाइन रासमुसेन या नॉर्वेच्या माणसाने १९९४ साली थायलंडात 'स्टारबोर्ड' कंपनी काढली होती. नव्वदच्या अखेरीस तिथून अफाट रुंद फळ्या निघू लागल्या. त्यांच्या रचनेत हात होता तो त्याच जिम ड्रेकचा! तीस वर्षांनी म्हातारा आपल्याच शोधाकडे परत आला होता. 'फॉर्म्युला' शर्यतींच्या फळ्या तर जवळजवळ एक मीटर रुंद झाल्या. रुंद फळी कमी वाऱ्यातही लवकर घसरू लागते, मोठं शीड पेलते, आणि पाय अगदी कडेला ठेवता येत असल्याने खालच्या लांब फिनवर जोर धरता येतो. तोटा एकच. वारा फार झाला, पाणी खवळलं, की ती आपटते, उडते, आवरत नाही.

हे वाचलं आणि भाच्याची शर्यत डोळ्यांपुढे उभी राहिली. स्लॅलममध्ये वारा बाजूने घेऊन सुसाट जायचं, बोयाला वळसा घालायचा, पुन्हा सुसाट. काही मिनिटांचा खेळ. वळताना वेग मोडतो, आणि वळून जो आधी घसरायला लागेल तो पुढे. याची अरुंद फळी प्रत्येक बोयापाशी पाण्यात बसत होती आणि पोरं रुंद फळ्यांवरून निघून जात होती. हा काही विसरला नव्हता. उलट, त्याच्या पायांना सगळं आठवत होतं, पण ते ५७ सेंटिमीटरचं.

मला आठवलं, १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आमच्या गल्लीत सर्वांत जास्त कोण गोंधळलं? ज्यांना पावकी-निमकी तोंडपाठ, ते. आम्ही पोरं बघता बघता शिकलो. त्यांचं गणित कच्चं नव्हतं, माप बदललं होतं.

मग माप बदललं तर माणसाने काय करावं? याचं उत्तर मला न्यूझीलंडच्या बार्बरा केंडॉलमध्ये सापडलं. १९९२ साली बार्सिलोनाला बायकांची विंडसर्फिंग शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली, त्यात तिला सुवर्ण मिळालं. तेव्हाची लेखनर फळी सुमारे ३.९ मीटर लांब, गोल बुडाची, डुगडुगणारी. १९९६ ला फळी बदलली. मिस्ट्रल आली, ३७२ सेंटिमीटर लांब, ६३ रुंद. हिला रौप्य, आणि २००० साली कांस्य. २००८ ला पुन्हा बदल. आरएस:एक्स, २८६ लांब आणि चक्क ९३ रुंद. तिथेही ही बाई उतरलीच. पदक नाही मिळालं, पण पाच ऑलिंपिक आणि तीन तऱ्हेच्या फळ्या! वारा वाचणं, सुरुवातीची वेळ साधणं, बोयापाशी कुणाच्या आत शिरायचं हे ओळखणं, हे तिने प्रत्येक फळीवर सोबत नेलं असणार. पाय मात्र दर वेळी नव्याने शिकवावे लागले असतील.

पुढच्या रविवारी मीच फोन केला. म्हटलं, "आधीचं उत्तर रद्द. फळी बदल." तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब मांडला. सगळ्यात नवी वस्तू म्हणजे फॉइल, पाण्याखालच्या पंखांवर फळीच वर उचलली जाते. २०२४ च्या ऑलिंपिकची मार्सेलची शर्यत त्यावरच झाली. त्याला मोह होताच. पण त्याच्या मार्करमेर सरोवरात उन्हाळ्यात पाणवनस्पती माजतात, त्या फॉइलला गुंडाळतात. आणि क्लबातली बरीचशी मंडळी अजून फिनवर आहेत. जुन्या विंडसर्फरचा हलका नवा अवतारही मिळतो, पण "मला ती वळणंच हवी आहेत, मावशी" असं म्हणाला.

मग वजन. एक लिटर आकारमान साधारण एक किलो पेलतं. हा ८८ किलो, शीड-डोलकाठी बारा, फळी आठ. नुसतं तरंगायलाच १०८ लिटर लागतात, आणि जुनी फळी होती शंभराची! विजेत्यांच्या जाहिरातीतली ७० सेंटिमीटरची फळी जोराच्या वाऱ्यासाठी असते, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या वाऱ्यांसाठी आणखी फळ्या असतात. याला एकच घ्यायची आहे, वारा बहुतेक मध्यम, गुडघे पंचावन्नचे. तेव्हा ८० सेंटिमीटर रुंद, १३० लिटर, आठेक चौरस मीटरचं शीड, आणि तीही वापरलेली. नवी घेऊन बायकोला तोंड देण्याइतका तो अजून शूर झालेला नाही.

फळी घरी आली आहे. काल सांगत होता, पहिल्या दिवशी पाय आपोआप मधोमध जात होते आणि तो सारखा पडत होता. मी म्हटलं, पड. शर्यत पुढच्या महिन्यात आहे, जुनी फळी पुन्हा माळ्यावर गेली आहे. ती विकायची नाही म्हणे. मी काही बोलले नाही. माझ्याही कपाटात आईचं अच्छेर-पावशेराचं माप अजून आहे.