एक मेचा दिनविशेष

शाळेच्या फळ्यावर रोज ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. जालना जिल्ह्यातील शाळांनी १ मे या तारखेपुढे काय काय लिहावे, ते आपण पाहू.

पहिली नोंद अर्थातच महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची, १९६० सालची. दुसरी घरचीच. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून जालना जिल्हा झाला, तो १ मे १९८१ रोजी. सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच दिवशीचा.

आता वाढदिवस. अभिनेते बलराज साहनी १ मे १९१३चे, तर गायक मन्ना डे १ मे १९१९चे. साहनींच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.

एक मेच्या या दोघांची गाठ बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात पडली. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून कोलकात्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी साहनींनी उभा केला आणि त्यातील गाण्यांना मन्ना डे यांचा आवाज लाभला. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यातील आजी-आजोबांना ही कथा परकी वाटणार नाही.

शेतमजुराची ही कथा आणि कामगार दिन, दोन्ही एक मेच्याच नोंदीत! मग या तारखेतच काही गुण आहे का, असे मुले विचारतील. उत्तर देण्यापूर्वी नोंदींचे दोन गट करावेत. राज्य आणि जिल्हे यांच्या तारखा माणसांनी ठरवल्या. कामगार दिनही ठरवलेलाच. त्यामागे आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत १ मे १८८६ रोजी सुरू झालेला संप आहे. जन्म मात्र ठरवून होत नाहीत. दोन कलावंतांची तारीख जुळली, हा निव्वळ योगायोग.

असे योगायोग वाटतात तितके दुर्मीळ नसतात. ४० मुलांच्या वर्गात कोणीतरी १ मेलाच जन्मलेले असण्याची शक्यता जेमतेम १० टक्के. पण कोणत्याही दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ८९ टक्के! कारण ४० मुलांच्या जोड्या ७८० होतात आणि त्यांतली एक जुळली तरी पुरते.

हे ताडून पाहण्यासाठी शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर उघडा. तेथे १ जून ही तारीख पानोपानी भेटेल. इतके योगायोग गणितात बसत नाहीत. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि नव्या सत्राच्या महिन्याची पहिली तारीख लिहीत. म्हणजे जन्मतारीखसुद्धा ठरवलेली असू शकते! त्या एका ओळीवर पुढे त्या माणसाची नोकरीतील वयोमर्यादा आणि निवृत्ती अवलंबून राहिली.

म्हणून आम्ही सुचवतो, की दिनविशेषाच्या प्रत्येक नोंदीपुढे मुलांनी ‘ठरवलेली’ की ‘घडलेली’ असे लिहावे. घरी आजीला तिचा जन्म कोणत्या सणाच्या, कोणत्या पिकाच्या किंवा कोणत्या दुष्काळाच्या वेळचा, हेही विचारावे. रजिस्टरात न सापडणारी तारीख कदाचित तेथे सापडेल.