डबा कुणाचा, हद्द कुणाची?

तर मंडळी, विषय किरकोळ वाटेल, पण तसा नाही. कंपनीच्या मोडेमला आपण विकत आणलेला राउटर जोडायचा की नाही, हे ठरवणार कोण? हे भांडण इंटरनेटहून जुनं आहे. ते सुरू झालं अमेरिकेत, साध्या टेलिफोनवरून.

तिथे एटी अँड टी कंपनीचं राज्य होतं. तार कंपनीची, फोनही कंपनीचाच, भाड्याने. बाहेरची कुठलीही वस्तू त्याला लावायची नाही, असा नियम. हश-अ-फोन नावाची एक वाटीसारखी वस्तू मिळायची. फोनच्या तोंडाशी अडकवली की शेजारच्याला बोलणं ऐकू जात नसे. ना वायर, ना वीज. तरी कंपनीची हरकत! सरकारी दूरसंचार आयोगानेही कंपनीचीच री ओढली. शेवटी १९५६ साली अपील न्यायालयाने निकाल फिरवला: इतरांना त्रास होत नसेल, तर ग्राहकाने आपला फोन आपल्या सोयीने वापरावा.

पुढचा लढा टेक्ससच्या थॉमस कार्टर यांचा. वायरलेसवर बोलणाऱ्या माणसाला टेलिफोनशी जोडणारं यंत्र त्यांनी काढलं, कार्टरफोन. १९६८ साली आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मग कंपनी म्हणाली, ठीक आहे, पण मध्ये आमचा संरक्षक डबा लावा. त्याचे पैसे वेगळे! १९७५ साली आयोगाने नोंदणीचे नियम केले आणि चाचणीत पास झालेलं उपकरण थेट लावायची वाट मोकळी झाली. त्याच वाटेने मोडेम घरोघरी पोचला.

केबलवरचं इंटरनेट आलं आणि तोच खेळ नव्याने सुरू झाला. १९९७ साली डॉक्सिस हे केबल मोडेमचं सामायिक मानक आलं. मोडेम केबलवरचा सिग्नल उलगडतो, राउटर तो घरभर वाटतो. पण अनेक कंपन्या एकाच कॉम्प्युटरचा मॅक पत्ता नोंदवून घ्यायच्या. राउटरवाल्यांनी तोड काढली: राउटरच कॉम्प्युटरचा पत्ता सांगायचा, क्लोन करून. आजही नवा राउटर लावल्यावर मोडेम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, त्याचं कारण बहुधा हेच. मोडेमच्या डोक्यात जुना पत्ता बसलेला असतो.

जर्मनीने तर कायदाच केला. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे ग्राहक स्वतःचा राउटरच काय, केबल मोडेमही लावू शकतो. लागणारी माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची. कंपनीची हद्द भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपते. अमेरिकेत ग्राहकाच्या स्वतःच्या उपकरणाचं भाडं लावायला डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

आता आपल्याकडे बघा. फायबरवाला येतो, डबा ठोकतो, जातो. ॲडमिन पासवर्ड मागितला की "साहेब, तो ऑफिसकडेच असतो." म्हणजे घर आपलं, वीज आपली, पण आतल्या जाळ्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. घरात कुठली उपकरणं जोडली आहेत, हे त्या किल्लीवाल्याला दिसू शकतं.

म्हणून कनेक्शन घेताना दोनच प्रश्न विचारा. तुमचा डबा ब्रिज मोडवर टाकून देणार का? माझा राउटर लावला तर तक्रार ऐकणार ना? उत्तर लेखी घ्या. अमेरिकेतली ती वाटीसुद्धा कुणीतरी कोर्टात गेलं म्हणूनच लागली.